शिकवणी लावावी ती पारखून

परक्या भाषेची वरची परीक्षा द्यायची म्हटली की माणूस आधी मास्तर शोधतो. इटालियनचंच उदाहरण घेऊ. इटलीत सिएना गावी परदेशी विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ आहे. त्याची ‘चिल्स’ नावाची परीक्षा असते. तिची तिसरी पायरी प्रगत समजली जाते. ऐकणे, वाचणे, भाषेची रचना, लिहिणे आणि बोलणे असे तिचे पाच भाग. प्रत्येकाला २० गुण, आणि प्रत्येकात निदान ११ मिळालेच पाहिजेत. बोलण्यात १९ मिळाले म्हणून लेखनातले ९ झाकले जात नाहीत.

खरी मेख इथेच आहे. एखादा रोमचा रहिवासी गप्पा मारून तुमचं बोलणं सफाईदार करील. पण लेखन कच्चंच राहिलं तर? पेरुजाच्या विद्यापीठाची ‘चेली’ परीक्षा आणखी निराळी. तेव्हा फी ठरवण्याआधी मास्तरांना दोन गोष्टी विचाराव्या. हीच परीक्षा आपण शिकवली आहे का? माझा एक निबंध तपासून द्याल का? निबंध परत आला की नीट पाहावा. नुसत्या लाल रेघा असतील तर नमस्कार करून निघावे. चूक का झाली, हे ज्याने समासात लिहिले, त्याच्याकडे खुशाल शिकवणी लावावी.