तापत्या स्लॅबवर एक इंचाचा उतारा

प्रतिनिधी, हिंगोली

जुन्या घराला लागून एखादी दहा बाय बाराची खोली काढायची, तिच्यावर चार-पाच इंचांचा सपाट स्लॅब टाकायचा आणि पहिल्याच एप्रिलमध्ये त्या खोलीत बसणे अशक्य व्हावे, हा अनुभव हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या अनेक कुटुंबांना नवा नाही. जुन्या घराच्या खोल्यांना शेजारच्या भिंतींचा किंवा वरच्या मजल्याचा आडोसा असतो. वाढीव खोली मात्र तीन बाजूंनी आणि डोक्यावरून उघडी असते. दुपारी पाऱ्याने चाळिशी ओलांडली, की उघड्या सिमेंटचा पृष्ठभाग साठ अंशांपर्यंत तापतो. ती उष्णता स्लॅबमधून झिरपत खाली यायला काही तास लागतात. त्यामुळे सूर्य मावळल्यावरही खोली निवत नाही, उलट दिवेलागणीनंतर पंखा गरम झोत फेकू लागतो.

यावर गवंडी-मिस्त्रींचे ठरलेले उत्तर म्हणजे वीट-रोड्यांचा कोबा. चार इंच जाडीचा हा थर पाणी अडवतो, उतारही देतो. उष्णता किती अडवतो, हे मात्र सहसा कोणी मोजत नाही. ढोबळ हिशेब मांडून पाहू. वरचा पृष्ठभाग साठ अंशांवर आणि खोली पस्तीस अंशांवर असेल, तर १२० चौरस फुटांच्या उघड्या स्लॅबमधून साधारण ११०० वॅट उष्णता आत येते, म्हणजे छताला एक विजेची शेगडी टांगल्यासारखेच. चार इंचांचा कोबा घातला तर हा आकडा ७४० वॅटच्या आसपास येतो. त्याऐवजी एक इंच जाडीची एक्सपीएस शीट, म्हणजे बंद पेशींची घट्ट पॉलिस्टायरीन शीट, घातली तर तो २५० वॅटपर्यंत उतरतो. प्रत्यक्षात ऊन दिवसभर बदलत असते, त्यामुळे हे आकडे मागेपुढे होतील; पण त्यांच्यातील प्रमाण फारसे बदलणार नाही.

कारण सोपे आहे. कोबा उष्णता अडवण्यापेक्षा ती साठवतो अधिक. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत लाकडी पाटांवर मातीचा फूटभर किंवा त्याहूनही जाड थर असे. दिवसाची उष्णता खाली पोहोचेपर्यंत रात्र होई, आणि तोवर घरची मंडळी अंगणात नाहीतर माळवदावर झोपायला गेलेली असत. चार इंचांच्या कोब्याला ते साधत नाही. तो उष्णतेला फक्त उशीर करतो, आणि तोही नेमका झोपेच्या वेळेपर्यंतचा.

माळवदाची दुसरी बाजू या भागाने फार महाग किमतीला अनुभवली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जी हजारो माणसे गेली, त्यांतील बहुतेक दगड-मातीच्या भिंती आणि मातीची जड छते अंगावर कोसळून दगावली. हिंगोली जिल्ह्यातही २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ४.५ आणि पाठोपाठ ३.६ तीव्रतेचे धक्के बसले. त्या वेळी शेजारच्या नांदेड जिल्हा प्रशासनाने पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून टाकण्याचे आवाहन केले होते. पुढे १० जुलै २०२४ रोजी पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. काँक्रीटचा स्लॅब म्हणजे माळवद नव्हे, हे खरे. परंतु जमीन हलते तेव्हा भिंतींवर येणारा आडवा जोर डोक्यावरच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो, हा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे. चार इंचांच्या कोब्याचे वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जाते, म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीवर दोन टनांहून अधिक. स्लॅबच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास दोन-तृतीयांश हा वाढीव भार झाला. आपल्याकडच्या वाढीव खोल्या पुष्कळदा कॉलम न घेता, नऊ इंची भिंतींवर, अभियंत्याला न विचारता उभ्या राहतात, हे लक्षात घेतले तर पातळ थराचा आग्रह केवळ सोयीचा राहत नाही.

सोयीचा मुद्दाही लहान नाही. वाढीव खोलीचे छत अनेकदा जुन्या घराच्या वरच्या मजल्याची गच्ची होते आणि तिच्यावर एक दार उघडते. कोबा, त्यावर उतार, त्यावर फरशी असे थर चढत गेले की दाराचा उंबरठा बुडतो. मग पहिल्याच मोठ्या पावसात पाणी घरात येते.

जाडी किती असावी, याबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. एक इंचाने एवढा फरक पडतो, तर दोन इंचांनी दुप्पट पडेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र वरच्याच हिशेबात दुसरा इंच घातला तर २५० वॅटचे १४० वॅट होतात. पहिल्या इंचाने साडेआठशे वॅट वाचवले, दुसऱ्याने शंभरएक. केंद्र सरकारने २०१८ मध्ये आणलेल्या ‘इको निवास संहिते’ने छतातून जाणाऱ्या उष्णतेची कमाल मर्यादा चौरस मीटरला, तापमानातील दर अंश फरकामागे १.२ वॅट अशी ठरवली. उघडा स्लॅब साधारण ३.४ वर असतो. एक इंच एक्सपीएसने तो ०.९ च्या आत येतो. छोट्या वाढीव खोलीवर ही संहिता बंधनकारक नाही, पण मोजपट्टी म्हणून ती उपयोगी पडते.

आता प्रश्न वस्तूचा. पांढरा थर्माकोल स्वस्त आणि उष्णतेला चांगला अडवणारा आहे. मात्र पूर्वी गणपतीच्या मखरांना वापरला जाई तो हलका, दाणेदार थर्माकोल इथे चालत नाही. तो दाबला जातो आणि वर्षानुवर्षे ओलावा शोषत राहतो. फवाऱ्याने मारायचा पॉलियुरेथेन फोम सर्वांत कमी जाडीत काम करतो आणि त्याला सांधेही राहत नाहीत. परंतु उन्हात तो पिवळा पडून भुगा होतो, म्हणून त्यावर संरक्षक लेप लागतो, आणि ज्या गच्चीवर कुरडया-पापडांचे वाळवण घालायचे, खाटा ओढायच्या, तिथे तो टिकत नाही. वावर असलेल्या गच्चीसाठी एक्सपीएस शीट आणि तिच्यावर दीड इंचाचा काँक्रीटचा थर हा मार्ग अधिक भरवशाचा. वरच्या थराचे वजन धरूनही तो कोब्याच्या निम्म्यावर राहतो.

बाजारात ‘चंदेरी जादू’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बुडबुड्यांच्या ॲल्युमिनियम शीटपासून मात्र सावध राहावे. चकचकीत पृष्ठभाग उष्णतेचे प्रारण अडवतो, पण त्याच्या समोर हवेची मोकळी पोकळी असेल तरच. पत्र्याखाली अंतर सोडून टांगली तर ती खरोखर उपयोगी पडते. स्लॅब आणि कोब्याच्या मध्ये दाबून पुरली, तर चकाकीला करण्यासारखे काही उरतच नाही आणि ग्राहकाच्या हाती फक्त बिल राहते. ‘उष्णतारोधक’ रंगांचेही तसेच. अर्ध्या मिलिमीटरच्या थरात उष्णता अडवण्याची ताकद नगण्य असते. जे काही साधते ते पांढरेपणाने.

तो पांढरेपणा मात्र दुर्लक्ष करण्यासारखा नाही. ताज्या पांढऱ्या पृष्ठभागाचे तापमान भर दुपारी पंचेचाळीसच्या आसपास राहिले, तर उघड्या स्लॅबमधूनही ११०० ऐवजी साडेचारशे वॅटच आत येतात. म्हणजे चुन्याचा हात दोन टनांच्या कोब्याला मागे टाकतो. अहमदाबादने २०१७ मध्ये वस्त्यांमधील छते पांढरी करण्याची मोहीम हाती घेतली आणि नांदेडपलीकडच्या तेलंगणाने २०२३ मध्ये ‘कूल रूफ’ धोरण आणले, ते याच साध्या तत्त्वावर. अडचण धुळीची आहे. गच्चीवर हळकुंडे वाळत घालणाऱ्यांकडे तर पांढरा रंग फार दिवस पांढरा राहत नाही! दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा हात द्यावा लागतो.

ज्यांचा हात आखडता आहे, त्यांनी केवळ पांढऱ्या रंगावर दोन उन्हाळे काढायला हरकत नाही. ज्यांना एकदाच खर्च करायचा आहे, त्यांनी शीट घालावीच, आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक करावा. शीट घातल्यावर वरचा थर अधिक तापतो, कारण उष्णतेला खाली वाट राहत नाही. आणि एक्सपीएसची सहनशक्ती साधारण पंचाहत्तर अंशांपर्यंतच असते. काळ्या डांबरी थराखाली ती घालणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

शीट आतून, छताला चिकटवली तर काय, असे अनेक जण विचारतात. भाड्याच्या घरात किंवा गच्ची दुसऱ्याच्या ताब्यात असल्यास इलाज नसतो. पण तेव्हा स्लॅब उन्हात प्रसरण-आकुंचन पावत राहतो, तडे वाढतात आणि जळाऊ फोम आपल्याच डोक्यावर येतो. तो जिप्सम बोर्डाने झाकलाच पाहिजे.

कामाचा क्रम चुकला तर सारा खर्च पाण्यात जातो. आधी स्लॅबवर शंभराला एक असा उतार, मग वॉटरप्रूफिंगचा पडदा, त्यावर शीट, शेवटी काँक्रीट आणि मोझॅक. नव्या खोलीचा स्लॅब जुन्या भिंतीला जिथे भिडतो, तिथे पडदा भिंतीवर किमान सहा इंच वर चढवावा; गळती बहुधा तिथूनच सुरू होते. रात्री खिडक्या उघड्या ठेवण्याची सवयही हवी, कारण ज्या शीटने उष्णता आत येऊ दिली नाही, ती आतली उष्णता बाहेरही जाऊ देत नाही.

पडदा घालून झाल्यावर आणि शीट पसरण्यापूर्वी गच्चीवर दोन इंच पाणी अठ्ठेचाळीस तास साठवून खालून छत तपासावे. मिस्त्री घाईत असतो, पुढचे काम त्याची वाट पाहत असते, आणि ‘काही गळत नाही’ असे तो छातीठोकपणे सांगतो. एकदा वर शीट आणि काँक्रीट बसले, की पाणी एका कोपऱ्यातून शिरते, दुसऱ्याच कोपऱ्यात ठिबकते, आणि मूळ छिद्र शोधायला सगळी गच्ची फोडावी लागते.