शेजारच्या टेबलावर घडणारं लिगामेंट

कबड्डीत चढाई करून परतणारा खेळाडू एक पाय रोवतो आणि झटकन अंग वळवतो. मांडीचं हाड वळतं, नडगी मात्र जागेवरच राहते. गुडघ्यातून ‘टक्’ असा आवाज येतो आणि काही तासांत गुडघा टम्म सुजतो. फुटबॉलमध्ये हेच घडतं, दुचाकी घसरल्यावरही घडतं. अशा वेळी अनेकदा तुटलेलं असतं ते एसीएल, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरपं बांधून ठेवणारं पुढचं लिगामेंट.

हे लिगामेंट जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर लांब असतं. एकदा पूर्ण तुटलं की ते सहसा आपोआप जुळत नाही. सांध्यातल्या द्रवामुळे तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही आणि गुठळीच नसेल, तर जखम भरून यायला आधार मिळत नाही. म्हणून नवं लिगामेंट घडवावं लागतं, तेही बहुधा रुग्णाच्याच अंगातल्या टेंडनपासून.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सगळ्यांचं लक्ष असतं पडद्याकडे. नवं लिगामेंट मात्र तयार होतं शेजारच्या निर्जंतुक टेबलावर. अनेक ठिकाणी ते काम मदतनीस सर्जन किंवा निवासी डॉक्टर करतात. पुढची अनेक वर्षं रुग्ण ज्याच्या भरवशावर जिना उतरणार आणि मैदानात धावणार, ते याच हातांनी घडतं.

या कामाची वाट सरळ नव्हती. १८९५ साली लीड्समध्ये मेयो रॉबसन यांनी फाटलेली लिगामेंट्स शिवून पाहिली. १९१७ मध्ये ब्रिस्टलच्या हे ग्रोव्हज यांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी गुडघ्यातून ओवून नवं लिगामेंट केलं. १९३४ मध्ये इटलीच्या गालेआत्सी यांनी मांडीच्या मागचा सेमिटेंडिनोसस हा हॅमस्ट्रिंग टेंडन वापरला. १९६३ मध्ये अमेरिकेचे केनेथ जोन्स गुडघ्याच्या वाटीखालच्या पटेलर टेंडनकडे वळले.

यातले शेवटचे दोन्ही पर्याय आजही चालतात. पटेलर टेंडनला दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असतात, त्यामुळे तो हाडात पाडलेल्या बोगद्यात चांगला रुजतो. पण त्यानंतर गुडघे टेकताना अनेकांना दुखतं. ज्यांची पूजा, नमाज किंवा शेतातली खुरपणी गुडघ्यावर होते, त्यांच्यासाठी ही बाब किरकोळ नाही. हॅमस्ट्रिंगमध्ये हा त्रास कमी. घोट्याजवळचा पेरोनियस लाँगस आणि वाटीवरचा क्वाड्रिसेप्स हेही पर्याय आहेत.

हॅमस्ट्रिंगसाठी नडगीच्या वरच्या भागावर, आतल्या बाजूला तीनेक सेंटिमीटरचा छेद घेतात. सेमिटेंडिनोससचे काही धागे पोटरीच्या स्नायूकडे गेलेले असतात. बोटाने चाचपून ते एकेक सोडवावे लागतात. एखादा राहिला, तर टेंडन सोलून काढण्यासाठी आत सरकवलेला स्ट्रिपर भरकटतो आणि टेंडन अर्ध्यातच कापला जातो. नीट निघालेला टेंडन पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास भरतो.

टेबलावर आला की आधी त्याच्यावरचं लालसर मांस स्टीलच्या पट्टीच्या बोथट कडेने खरवडून काढतात. खाली चमकदार, मोतिया पांढरा टेंडन दिसू लागतो. हात जड पडला, तर त्याचे तंतू उसवतात. सगळा वेळ तो सलाइनने ओला ठेवावा लागतो. मग दोन्ही टोकांना दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत न विरघळणाऱ्या जाड धाग्याचे टाके घालतात. प्रत्येक टाका ओढून बसवायचा, कारण इथली ढिलाई पुढे गुडघ्यात उतरते. नंतर हा आणि त्याच्या शेजारचा असे दोन टेंडन टायटॅनियमच्या बटणाला जोडलेल्या फासातून ओवून दुमडले की चार पदरी ग्राफ्ट, म्हणजे बसवायचं नवं लिगामेंट, तयार होतो.

मग येतं माप. बांगडीवाला हाताचं माप घेतो, तसा ग्राफ्ट अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाच्या भोकांतून ओढून पाहतात. ज्यातून तो घट्ट, पण न अडता जातो, तेवढाच बोगदा हाडात पाडायचा. ८ मिलिमीटरपेक्षा बारीक हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट पुन्हा तुटण्याचा धोका जास्त असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे, विशेषतः तरुणांमध्ये. लहान चणीच्या रुग्णांत जाडी कमी पडली, तर पदर वाढवण्याचा निर्णय याच टेबलावर होतो.

त्यानंतर ग्राफ्ट फळीवर ताणून ठेवतात. बसवल्यानंतर तो जितका सैल पडायचा, तितका इथेच पडून घ्यावा, हा त्यामागचा हेतू. शिवाय त्याला व्हँकोमायसिन या प्रतिजैविकात भिजवलेल्या गॉझमध्ये गुंडाळतात; १०० मिलिलिटर सलाइनमध्ये ५०० मिलिग्रॅम हे प्रचलित प्रमाण. ऑस्ट्रेलियातल्या सर्जनांनी २०१२ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. ग्राफ्ट असा न भिजवता केलेल्या २८५ रुग्णांपैकी चौघांना सांध्यात संसर्ग झाला होता. भिजवून केलेल्या ८७० रुग्णांपैकी एकालाही झाला नाही. गुडघ्यातला संसर्ग कूर्चा नासवतो, म्हणून या स्वस्त उपायाचं मोल मोठं आहे.

प्रयोगशाळेत चार पदरी हॅमस्ट्रिंगने जवळपास ४,००० न्यूटनपर्यंतचा ताण सोसला आहे. तरुण माणसाचं मूळ एसीएल सुमारे २,१०० न्यूटनला तुटतं. पण ही ताकद पहिल्या दिवसाची. बसवलेल्या ग्राफ्टचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. त्यातल्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि टेंडनची हळूहळू लिगामेंटसारखी घडण होते. या बदलात पहिल्या काही महिन्यांत तो सर्वांत कमजोर असतो. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं आणि खेळाडूला मैदान खुणावत असतं. म्हणून निदान नऊ महिने थांबण्याचा आणि फिजिओथेरपी न चुकवण्याचा आग्रह धरतात. टेबलावर जपलेला ग्राफ्ट पुढे जपण्याची जबाबदारी रुग्णाची.

त्यासाठी रुग्णाला आपल्या गुडघ्यात काय आहे, हेही ठाऊक हवं. टेंडन कुठला घेतला, किती पदरी केला, जाडी किती मिलिमीटर भरली, या तीन गोष्टी प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर लिहिलेल्या असाव्यात. पुढे गुडघा पुन्हा दुखावला, तर नव्या डॉक्टरला पहिली माहिती हीच लागते. कार्डावर ती नसेल, तर निःसंकोच विचारून लिहून घ्यावी.