रहाट, इंजिन आणि आगराचे पाणी

हेदवी, वेळणेश्वर, पालशेत, गुहागर या किनारपट्टीच्या आगरांविषयी लिहिणारे बहुधा माडांच्या शोभेपाशीच थांबतात. परंतु ज्याच्या बळावर पावसाळा सरल्यानंतर नारळी-पोफळी जगत, त्या रहाटाकडे त्यांची दृष्टी क्वचितच वळते, आणि या विषयाचा वर्षानुवर्षे ध्यास घेतलेल्या मला ही उपेक्षा सदैव सलत आली आहे.

 

रहाट दोन तऱ्हेचे. लहान विहिरीवर पायरहाट असे. गडी फळीवर बसून हातांनी वरचा दांडा ओढी व पायांनी खालचा रेटी. मोठ्या विहिरीवर बैल किंवा रेडा जुंपीत. त्याच्या फेऱ्यांनी आडवे दातेरी चक्र फिरे, त्याचे दात उभ्या चक्रात अडकत, ती गती लाकडी लाटेवरून विहिरीवरील मोठ्या चाकाला मिळे, आणि त्या चाकावरून सोडलेली लोट्यांची माळ खाली रिकामी उतरून वर भरून येई. माथ्यावर लोटे कलंडत, पाणी पोफळीच्या पोखरलेल्या खोडाच्या पन्हळातून दगडी दोणीत पडे, आणि तेथून पाटाने प्रत्येक आळ्यात पोहोचे. आमच्या रहाटाचे दात खैराचे होते. एखादा दात मोडला तर गावचा सुतार तो दुपारपर्यंत बसवून देई, आणि लाटेला उंडीचे तेल पाजले की पहाटेचे शिंपण पुन्हा सुरू होई. ज्या यंत्राची दुरुस्ती परसातल्या लाकडाने व गावातल्याच हाताने होते, त्याला मागासलेले म्हणण्यास माझे मन कधीच धजावलेले नाही.

आमच्या घरच्या जुन्या वाटपपत्रात विहिरीतील चार आण्यांचा हिस्सा रहाटाच्या पाळीसह नमूद आहे. एकाची पाळी संपली की जनावर सुटे आणि दुसऱ्याचे जुंपेपर्यंत विहिरीला उसंत मिळे. झऱ्यांनी ती तेवढ्यात थोडी भरून येई.

आमच्या विहिरींवर इंजिन येण्याआधीच देशावर लोखंडाचे युग अवतरले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल या भयाने शेतकरी त्याला हात लावीनात. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० पासून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. आमच्या वडीलधाऱ्यांनी त्या अवजारांची वर्णने उत्सुकतेने वाचली, पण काळ्या जमिनीसाठी घडविलेला तो जड नांगर आमच्या भाताच्या चिमुकल्या कुणग्यांत व हलक्या बैलांच्या खांद्यावर कसा चालावा?

इंजिनाचे मात्र तसे झाले नाही. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स स्थापन झाली आणि पुढील दशकात तगाईचे कर्ज काढून इंजिन घेण्याची भाषा आगरांतून ऐकू येऊ लागली. आमच्या चुलत्यांनी घेतलेले पाच अश्वशक्तीचे 'इंजान' पाहावयास वाडी लोटली होती. हँडल मारताना दाब सोडण्याची कळ उघडी ठेवावयाची, जड चाकाने वेग घेतला की ती मिटावयाची, आणि पहिला ठोका पडताच हँडल चपळाईने काढून घ्यावयाचे, हे तंत्र मला आजही हातात जाणवते. इंजिनाला जोडलेला पंप हवेच्या दाबावर पाणी खेचतो, त्यामुळे पंचवीस फुटांपलीकडे त्याची ओढ फारशी चालत नाही. म्हणून तो विहिरीत उतरवून कट्ट्यावर बसवावा लागे.

चार तासांचे शिंपण एका तासात होऊ लागले, आणि दोन-तीन उन्हाळ्यांतच पाणी मचूळ लागू लागले. कारण असे, की किनाऱ्यालगत गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखे तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर त्याची एक फूट पातळी असेल तर खाली सुमारे चाळीस फूट गोड्या पाण्याचा साठा टिकतो. वरचा एक फूट उपसून संपवला की खालून खार चढू लागते. हेदवीला येणारे लोक भरतीच्या वेळी बामणघळीत उसळणारा समुद्र पाहावयास धावतात. तोच समुद्र जमिनीखालून आगरात शिरतो, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

पुढे कोयनेच्या विजेचा पहिला टप्पा १९६२ साली सुरू झाला. वीज निर्माण होई आमच्याच जिल्ह्यात, चिपळूणजवळील पोफळीस, आणि तिचे पाणी वाशिष्ठीतून समुद्रास मिळे. पण आमच्या विहिरींवर मोटारी यावयास आणखी पुष्कळ काळ जावा लागला. मोटार तर इंजिनाहूनही सोपी. कळ दाबून मनुष्य निजावयास मोकळा.

अलीकडे मी या पट्ट्यातील विहिरी पाहत हिंडतो तेव्हा प्रत्येक बागायतदाराला एकच गोष्ट आग्रहाने सांगतो, की विहिरीच्या दगडी बांधणीवर जुन्या माळेच्या घासटीची खूण जेथे संपते, तेथेच मोटारीचा फुटव्हॉल्व्ह बांधा, त्याखाली उतरवू नका, आणि वाटपपत्रातली पाळी वीज आली तरी पाळा.