जॅक घ्याल, तर घोडीही घ्या

मोमिनपुरा असो की ताजबाग, घरापुढेच गाडी उचलणारे आमचे बंधू पुष्कळ. मारुती ८०० किंवा स्विफ्टला दोन टनी ट्रॉली जॅक पुरतो. बोलेरोसाठी आम्ही तीन टनीच म्हणू. पण जॅक गाडी उचलतो, धरून ठेवत नाही. आतले सील गेले की तेल मागे सरकते आणि गाडी खाली बसते. खाली माणूस असला तर? म्हणून दोन घोड्यांचे पैसे आधी बाजूला काढा. विटा नकोत, वीट न सांगता फुटते. घोडीचा रंग पाहू नका; दाते आणि खिट्टी पाहा. शिवाय आपली नागपूरची काळी माती! पावसात पाय रुततात, मे महिन्यात डांबरही मऊ पडते. घोडीखाली जाड फळी घाला, जमिनीवरच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी हलवून पाहा, मगच खाली शिरा.