गाठ तिथेच, वाट नवी

सप्टेंबर १८८१. व्हिएन्नात आंतोन व्योल्फ्लर या सर्जननी एका रुग्णाचं पोट उघडलं. जठराच्या खालच्या टोकाची कर्करोगाची गाठ स्वादुपिंडापर्यंत पसरली होती. त्याच वर्षी जानेवारीत त्यांचे गुरू थिओडोर बिलरोथ यांनी जठराचा असाच रोगट भाग यशस्वीपणे काढला होता. इथे ते शक्यच नव्हतं. पोट पुन्हा शिवून टाकायचं, एवढंच उरलं होतं. तेव्हा हजर असलेल्या निकोलाडोनी या दुसऱ्या सर्जननी सुचवलं, की गाठीला हात न लावता जठराला दुसरं तोंड पाडावं आणि लहान आतड्याचं वेटोळं तिथे जोडावं. व्योल्फ्लर यांनी तसंच केलं. गाठ पोटातच राहिली आणि माणूस पुन्हा जेवू लागला!

याचं मोल कळायला जठराची वाट बंद झाली की काय होतं ते पाहायला हवं. आपलं जठर रोज साधारण दीड-दोन लिटर रस तयार करतं, शिवाय गिळलेली लाळ असतेच. म्हणून काही न खातासुद्धा उलट्या होत राहतात. आदल्या दिवशीचा भात न पचता तसाच बाहेर येतो. भूक असते, पण घास घ्यायची भीती वाटते.

नव्या वाटेने अन्न थेट पुढच्या आतड्यात उतरतं. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस मात्र जुन्याच जागी पाझरतात, तिथून खाली वाहत येतात आणि अन्नाला पुढे गाठतात. पचन चालू राहतं. शरीर इतका मोठा बदल पचवून घेतं, याचं मला कितीही वेळा वाचलं तरी नवल वाटतं. सगळं लगेच सुरळीत होतं असं नाही. जठर काही दिवस हटूनही बसतं.

आता हेच काम दुर्बिणीतून, छोट्या छेदांमधून होतं. कधी पोटाला छेदही लागत नाही. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची जाळी, म्हणजे स्टेंट, दाबून बारीक नळीत भरतात, तोंडावाटे गाठीपर्यंत नेतात, आणि नळीतून सुटली की ती आपोआप फुलून मूळ आकार घेते. रुग्ण लवकर खाऊ लागतो. पण गाठ जाळीतून आत वाढू शकते, त्यामुळे ज्यांच्या हाती अजून काही महिने आहेत त्यांच्यासाठी जोडणीची शस्त्रक्रिया जास्त टिकाऊ ठरते. अलीकडे सोनोग्राफीची सोय असलेल्या एंडोस्कोपने डमरूच्या आकाराचा स्टेंट बसवून जठर आणि आतडं आतूनच जोडता येतं.

आतडं अनेक ठिकाणी अडलं असेल, पोटात पाणी साठलं असेल, रुग्ण फार खंगला असेल, तर चांगला सर्जन हात आवरतो. तो निर्णयही कौशल्याचाच असतो. तेव्हा जठरातून पोटाच्या कातडीपर्यंत एक नळी बसवता येते. साठलेला रस पिशवीत उतरतो, उलट्या थांबतात, आणि रुग्णाला घोटभर चहा, पातळ सूप चवीने पिता येतं. प्यायलेलं बरंचसं त्याच नळीतून बाहेर येतं. चव मात्र त्याला मिळालेली असते.