नाश्त्याच्या टेबलावर ठरलेला उद्योग

७ फेब्रुवारी १९७४ची सकाळ. तैवानच्या राजधानीत, तैपेईमध्ये, सोयादूध विकणाऱ्या एका साध्या दुकानात सात जण नाश्त्याला बसले होते. त्यांच्यात देशाचे आर्थिक व्यवहार मंत्री सुन युन-सुआन होते आणि अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत काम करणारे अभियंते पान वेन-युआन होते. पान यांनी सुचवलं, इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजे चिप, बनवायला शिकू या. मंत्र्यांनी विचारलं, वेळ किती लागेल, पैसा किती लागेल? उत्तर आलं: चार वर्षं आणि एक कोटी डॉलर. सुन यांनी होकार दिला. आज जगातल्या सर्वांत प्रगत चिपांपैकी बहुतेक या बेटावर बनतात, आणि त्याची सुरुवात त्या टेबलावर झाली!

तैवानला ही घाई का झाली होती? १९६६ साली काउशुंग बंदरात निर्यात क्षेत्र उघडल्यापासून तैवानचं पोट स्वस्त मजुरीवर चालत होतं. कपडे शिवायचे, रेडिओ-टीव्ही जोडायचे आणि बोटीत भरून पाठवायचे. पण मजुरी वाढू लागली की गिऱ्हाईक दुसरा स्वस्त देश शोधतं. त्यात १९७१ला संयुक्त राष्ट्रांतली जागा गेली आणि १९७३ला तेलाचे भाव भडकले. ना खनिज तेल, ना मोठी घरची बाजारपेठ. जागतिक स्पर्धेत टिकायचं तर डोक्याच्या जोरावर कमवायला हवं, एवढं उघड होतं.

१९७६मध्ये आरसीएशी करार झाला. तरुण अभियंत्यांची १९ जणांची पहिली तुकडी अमेरिकेला गेली. ओहायो, फ्लोरिडा, न्यू जर्सी इथल्या आरसीएच्या केंद्रांत ते डिझाइन, उत्पादन, चाचणी आणि अगदी खर्चाचा हिशोब ठेवणंसुद्धा शिकले. मिळालेलं तंत्र सात मायक्रॉनचं, म्हणजे चिपवरच्या रेषेची रुंदी केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी. त्या काळी ते जुनंच होत चाललं होतं. पण १९७७ला सिंचू गावी सरकारी संशोधन संस्थेने, म्हणजे आयटीआरआयने, नमुना कारखाना उभा केला आणि खरी कमाल तिथे दिसली.

जरा जवळून पाहू. सिलिकॉनची तीन इंच व्यासाची चकचकीत चकती. तिच्यावर शेकडो चिमुकले चौकोन, प्रत्येक चौकोन म्हणजे एक चिप. केसाएवढ्या बारीक सुया एकेका चौकोनावर टेकतात, वीज सोडून तपासतात आणि नापास झालेल्यावर शाईचा ठिपका पडतो. धुळीचा एक कण एक चौकोन बाद करतो. चकतीवर ठिपक्यांविना उरतील तेवढ्याच चिपा विकायच्या. साखर कारखान्याचं नफ्यातोट्याचं गणित जसं उताऱ्यावर ठरतं, तसंच इथेही. आणि काही महिन्यांतच सिंचूच्या या शिकाऊ कारखान्याचा उतारा गुरूच्या, म्हणजे आरसीएच्या, उताऱ्याच्या पुढे गेला! पहिलं मोठं उत्पादन होतं इलेक्ट्रॉनिक घड्याळातल्या चिपांचं.

इथवर ही सरकारी यशाची गोष्ट वाटेल. पण मला थक्क करतं ते यापुढचं. कारखाना चालू लागल्यावर संस्थेने तो मुठीत धरून ठेवला नाही. १९८०मध्ये यूएमसी ही कंपनी काढून आपली माणसं आणि आपलं तंत्र तिच्याकडे जाऊ दिलं. त्याच वर्षी सिंचूचं विज्ञान उद्यान उघडलं. दोन नामांकित विद्यापीठं शेजारी, कंपन्यांना करसवलत, आणि अमेरिकेतून परतणाऱ्या अभियंत्यांच्या मुलांसाठी पुढे द्विभाषिक शाळाही! माणूस घरी परतायचा तर मुलांच्या शाळेची काळजी आधी असते, हेसुद्धा कुणीतरी लक्षात घेतलं होतं.

मग १९८५ला मॉरिस चँग आले. अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत पंचवीस वर्षं काढलेला हा माणूस आयटीआरआयचा प्रमुख झाला आणि त्याने वेगळाच धंदा मांडला: स्वतःची एकही चिप डिझाइन करायची नाही, फक्त इतरांच्या चिपा बनवून द्यायच्या. अमेरिकेत त्याने पाहिलं होतं की हुशार अभियंत्यांना स्वतःची कंपनी काढायची असते, पण कारखान्याचा अवाढव्य खर्च ऐकून ते थांबतात. भांडवलासाठी त्याने इंटेलला विचारलं, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सला विचारलं. दोघांनीही नाही म्हटलं. अखेर जवळपास निम्मा पैसा तैवान सरकारने घातला, सुमारे २७ टक्के फिलिप्सने, आणि उरलेल्यासाठी देशातल्या उद्योगपतींना गळ घालावी लागली. १९८७मध्ये टीएसएमसी जन्मली तेव्हा चँग पंचावन्न वर्षांचे होते.

या एका कंपनीने जगभरच्या उद्योजकांसमोरची भिंतच पाडली. चिपकंपनी काढायला आता कारखाना लागेना. कल्पना, थोडे अभियंते आणि काही संगणक पुरू लागले. तैवानमध्येच जन्मलेल्या जेन्सन हुआंग यांनी १९९३ला कॅलिफोर्नियात दोन साथीदारांसह एनव्हिडिया काढली, तीही कारखान्याशिवायच. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जोरावर जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांत जाऊन बसलेली ही कंपनी आपल्या चिपा टीएसएमसीकडून बनवून घेते. एका उद्योगाने दुसऱ्या हजारो उद्योगांना वाट करून द्यावी, याहून मोठं प्रोत्साहन कोणतं?

आपल्याकडेही हे वारं पोचलं आहे. गुजरातेत धोलेऱ्याला उभ्या राहत असलेल्या टाटांच्या चिप कारखान्याला तंत्रज्ञान देणारी पीएसएमसी ही कंपनी सिंचूचीच. पण तिकडून यंत्रांबरोबर पद्धतही आणायला हवी. आपण तरुणांना ‘नोकरी मागू नका, नोकऱ्या द्या’ असं व्यासपीठांवरून सांगतो आणि जोखीम मात्र त्यांच्याच डोक्यावर ठेवतो. तैवानने उलट केलं. एकट्यादुकट्याला न पेलणारा धोका आधी सार्वजनिक पैशाने उचलला, काम सिद्ध करून दाखवलं आणि मग शिकलेल्या माणसांना आनंदाने बाहेर जाऊ दिलं. म्हणून यापुढे उद्योजकता वाढवण्याची एखादी योजना जाहीर झाली, की तिला एकच प्रश्न विचारा: तरुणांच्या डोक्यावरचा नेमका कोणता धोका तुम्ही उचललात? उत्तर मिळालं तर योजना खरी.