दवाखान्यातलं दप्तर

पेशवे दप्तरातले कागद राज्यकर्त्यांनी जमवले. दक्षिण टेक्ससमधल्या कॉर्पस क्रिस्टी या बंदरातलं एक दप्तर सरकारशी आयुष्यभर भांडणाऱ्या डॉक्टरचं आहे. डॉ. हेक्टर पी. गार्सिया यांचे हे कागद, पत्रं, तारा आणि फोटो आज तिथल्या टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या बेल ग्रंथालयात आहेत.

गार्सियांचा जन्म 1914 चा, मेक्सिकोतल्या तामाउलिपास प्रांतातला. तिथे क्रांतीची धामधूम चालू असताना आईवडील मुलांना घेऊन सीमेवरच्या नदीपलीकडे टेक्ससमध्ये आले. हेक्टर डॉक्टर झाले, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातून लढून परतले आणि कॉर्पस क्रिस्टीत दवाखाना थाटला. पेशंट बहुतेक गरीब मेक्सिकन. त्यांत माजी सैनिकही होते. युद्ध संपलं तरी त्यांच्या हक्काच्या सवलती सरकारदरबारी अडकून पडल्या होत्या. मार्च 1948 मध्ये डॉक्टरांनी या सैनिकांची ‘अमेरिकन जीआय फोरम’ ही संघटना उभी केली.

पुढच्याच वर्षी फेलिक्स लाँगोरियाचं प्रकरण आलं. हा सैनिक 1945 मध्ये फिलिपिन्समध्ये मारला गेला होता आणि त्याचे अवशेष 1949 मध्ये मायदेशी यायचे होते. थ्री रिव्हर्स या त्याच्या गावात अंत्यविधीची व्यवस्था करणारी एकच संस्था होती. तिचं प्रार्थनागृह द्यायला मालकाने नकार दिला. गोऱ्यांना आवडणार नाही, हे कारण.

गार्सियांनी मालकाला फोन लावला. पण त्याआधी सेक्रेटरीला वही-पेन्सिल घेऊन दुसऱ्या रिसीव्हरवर बसवलं. मालकाने तेच कारण पुन्हा सांगितलं आणि ते लघुलिपीत उतरलं. रागावलेला माणूस फोनवर भांडतो आणि मोकळा होतो; या माणसाने रागाचा पुरावा करून ठेवला.

मग तारा सुटल्या. नुकतेच सिनेटर झालेले लिंडन जॉन्सन यांचं तारेनेच उत्तर आलं: खाजगी संस्थेवर माझा अधिकार नाही, पण आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत व्यवस्था करतो. 16 फेब्रुवारी 1949 रोजी लाँगोरियाचं तिथे सन्मानाने दफन झालं. जॉन्सन यांचं वजन वाढलं, तेही रास्तच. मात्र गावातलं ते दार काही उघडलं नाही. उलट टेक्ससच्या विधिमंडळाने नेमलेल्या चौकशी समितीतल्या बहुमताने इथे भेदभाव झालाच नाही असा निर्वाळा दिला! अशा वेळी त्या लघुलिपीतल्या टिपणाची किंमत कळते.

रागाऐवजी नोंदी आणि आकडे हाताशी धरायची ही रीत इतर लढ्यांतही दिसते. टेक्ससमध्ये मत द्यायचं तर पोल टॅक्स भरावा लागे. दरवर्षी माणशी पावणेदोन डॉलर. शेतमजुराच्या घरात नवराबायकोचे साडेतीन. फोरमचे कार्यकर्ते दारोदार फिरून लोकांना तो भरायला लावत आणि मतदारांची संख्या वाढवत. हा कर 1966 पर्यंत टिकला. 1954 च्या ‘हर्नांडेझ विरुद्ध टेक्सस’ खटल्यात वकिलांनी जॅक्सन काउंटीतल्या ज्यूरीचा पंचवीस वर्षांचा हिशेब मांडला: मेक्सिकन आडनावाचा एकही माणूस नाही. त्याच काउंटीच्या कोर्टाच्या आवारात दोन स्वच्छतागृहं होती. एकावर काहीच लिहिलेलं नाही. दुसऱ्यावर काळ्या पुरुषांसाठी इंग्रजीत पाटी आणि खाली स्पॅनिशमध्ये ‘पुरुषांसाठी इकडे’. सर्वोच्च न्यायालयाने निकालपत्रात त्या पाटीचीही दखल घेतली.

फोटोंचा वापरही असाच. 1949 मध्ये शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज सांचेझ यांच्या अभ्यासप्रकल्पासाठी रसेल ली या छायाचित्रकाराने टेक्ससमधल्या स्पॅनिशभाषकांचं जगणं टिपलं. ते फोटो आता ऑस्टिनच्या ब्रिस्को सेंटरमध्ये आहेत.

या इतिहासात सगळंच अभिमानाने मिरवावं असं नाही. मेक्सिकन हे गोरेच आहेत, असा दावा या पिढीतले पुढारी वर्षानुवर्षं करत राहिले. त्यातून शेजारच्या काळ्या माणसाला काय मिळालं, हा प्रश्न उरतोच. 1953 मध्ये तर फोरमने टेक्ससच्या कामगार महासंघाबरोबर एक पुस्तिका काढली. परवान्याविना नदी ओलांडून येणाऱ्या मजुरांमुळे इथल्यांची मजुरी पडते, म्हणून सीमा कडक करा, हा तिचा सूर. अर्थकारण अगदीच चुकीचं नव्हतं. पण ती काढणाऱ्या संघटनेचा संस्थापक लहानपणी तीच नदी ओलांडून आला होता.